ओळी किती आणि क्षण किती?

श्रीवर्धनकर मंडळी, आणि हे व्याख्यान नंतर सवडीने वाचणारे मित्रहो,

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याने टीव्हीच्या चित्राच्या ओळी मोजायला कशाला बसायचं? आमचं उत्तर साधं आहे. कादंबरीची समीक्षा करताना आपण भाषा बघतो. नाटकाची करताना नेपथ्य बघतो, प्रकाशयोजना बघतो. टीव्हीची पाळी आली की मात्र कथा, अभिनय आणि संवाद यांच्यापुढे आपण जात नाही. चित्र ज्या साच्यातून घरात येतं तो साचा कुणी निवडला, कशासाठी निवडला आणि त्यातून काय गळून पडलं, हा प्रश्न मराठी समीक्षेत फारसा विचारला जात नाही. तो आज विचारू.

आधी थोडा हिशेब मांडावा लागेल. कंटाळू नका, आकडे मोजकेच आहेत.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाचं चित्र ६२५ ओळींचं होतं. त्यातल्या ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या, बाकीच्या यंत्राच्या कामाच्या. चौकट चारास तीन. १९८२ साली रंग आला. ओळी आणि चौकट तीच राहिली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनने एचडी वाहिनी सुरू केली. २०१६ साली स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या आल्या. चौकट सोळास नऊ झाली, आणि '१०८०' हा आकडा आपल्या तोंडी बसला.

आता मुद्दा असा की एचडीचा साचा एकच नाही. तीन तरी आहेत, आणि ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. पहिला ७२०-पी. यात आडवे १२८० आणि उभे ७२० बिंदू, आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रं. दुसरा १०८०-आय. यात १९२० गुणिले १०८० बिंदू, पण एका वेळी अर्धेच. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, मग २, ४, ६ अशा सम ओळी. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. तिसरा १०८०-पी, ज्यात १०८० ओळींची ५० चित्रं, सगळी पूर्ण. 'पी' म्हणजे प्रोग्रेसिव्ह, 'आय' म्हणजे इंटरलेस्ड. भारतातल्या बहुतेक एचडी वाहिन्यांचा साचा दुसरा, म्हणजे अर्ध्या चित्रांचा आहे.

गुणाकार करून बघा. ७२०-पी सेकंदाला सुमारे ४ कोटी ६१ लाख बिंदू पाठवतो. १०८०-आय सुमारे ५ कोटी १८ लाख. पूर्ण १०८०-पी मात्र १० कोटी ३७ लाख. पहिल्या दोघांचा खर्च जवळजवळ सारखाच आहे, हे लक्षात आलं ना? एकाने पैसा क्षणांवर घातला, दुसऱ्याने ओळींवर. दुकानातल्या खोक्यावर फक्त ओळींचा आकडा छापतात. क्षणांचा आकडा कुणी छापत नाही, म्हणून १०८० मोठा आणि ७२० छोटा असं आपण धरून चालतो.

अर्धं अर्धं चित्र पाठवण्याची ही युक्ती १९३० च्या दशकातली. तेव्हा ती चांगलीच होती, हे कबूल करायला हवं. जुन्या खोकेवजा टीव्हीच्या काचेवर इलेक्ट्रॉनचा झोत ओळी काढत जायचा. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं काढली तर पडदा लुकलुकायचा. ५० पूर्ण चित्रं पाठवायची तर तेवढी वाट, म्हणजे बँडविड्थ, कुणाकडे नव्हती. मग ५० अर्धी पाठवली. लुकलुक कमी झाली, वाटही तेवढीच लागली, आणि दोन अर्धी सांधण्याचं काम आपल्या डोळ्याने फुकटात केलं.

इथे आमच्या जुन्या विषयाचा संबंध येतो, तेवढी मुभा द्या. न्यायवैशेषिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतकं एक वाद चालला. धाग्यांचं वस्त्र झालं, तर वस्त्र ही धाग्यांहून वेगळी, स्वतंत्र वस्तू आहे का? नैयायिक म्हणतात, आहे. अवयवांपेक्षा अवयवी निराळा. बौद्ध म्हणतात, अवयवच काय ते खरे, 'वस्त्र' ही आपण केलेली कल्पना. इंटरलेस या शब्दाचा अर्थही गुंफण असाच. आता १०८०-आयचं चित्र घ्या. समोरची वस्तू हलत असेल तर विषम ओळींतला क्षण वेगळा आणि सम ओळींतला वेगळा. १०८० ओळींचं एक संपूर्ण चित्र कुठल्याही एका क्षणी कॅमेऱ्यासमोर नव्हतंच. धागे आहेत, वस्त्र नाही. जुन्या टीव्हीवर ते वस्त्र डोळा विणत होता. आजचे सपाट पडदे एका वेळी अख्खं चित्रच दाखवतात, तेव्हा हे विणकाम टीव्हीच्या आतल्या चिपकडे गेलं. नसलेल्या ओळी ती अंदाजाने भरते. चिप महाग असेल तर अंदाज बरा, स्वस्त असेल तर कडा दातेरी होतात. म्हणजे प्रसारकाने एक साचा निवडला आणि त्याची अर्धी जबाबदारी प्रेक्षकाच्या खिशावर टाकली. ही आमची पहिली तक्रार.

दुसरी गोष्ट. अर्ध्या ओळींचं चित्र थरथरू नये म्हणून कॅमेऱ्यातच शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत थोड्या मिसळाव्या लागतात. त्यात उभा तपशील घटतो. अभियंते ढोबळमानाने ०.७ने गुणतात. १०८० गुणिले ०.७ म्हणजे ७५६. हलत्या चित्रापुरता तरी तो गाजलेला १०८० चा आकडा ७२०च्या शेजारी येऊन बसतो.

हे सगळं कागदावरचं झालं. आता आपल्या अंगणात येऊ. रायगड म्हणजे कबड्डीचा जिल्हा. चढाई करणाऱ्याचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने सुटला असं धरा. २५ चित्रांच्या साच्यात दोन चित्रांमध्ये तो हात २० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, ५० च्या साच्यात १०. बोट गड्याला लागलं की नाही, टाच रेषेवर होती की बाहेर, या वादाचा निकाल त्या १० सेंटीमीटरांत लागतो. १०८०-आय ५० क्षण पकडतो खरा, पण प्रत्येक क्षणाच्या ५४० ओळीच. चित्र थांबवून बघायला गेलं की एकतर अर्धं मिळतं, नाहीतर दोन क्षणांची खिचडी मिळते. ७२०-पीमध्ये तो क्षण आपल्या सर्व ७२० ओळींनिशी सापडतो.

दुसरं उदाहरण तर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. समुद्र. लाटेच्या फेसाच्या आडव्या बारीक रेघा आणि वाऱ्याने हलणारी पोफळीची झावळी, या दोन गोष्टी टीव्हीच्या चित्राला सर्वांत जड जातात. स्टुडिओतल्या केबलमधून एचडी चित्र सेकंदाला १४८.५ कोटी बिट, म्हणजे जवळपास दीड गिगाबिट वेगाने वाहतं. तेच चित्र उपग्रहावरून तुमच्या छतावरच्या तबकडीत येतं तेव्हा त्याचे दहा-एक मेगाबिट उरलेले असतात, कधी त्याहूनही कमी. शंभर-दीडशे पटींनी आवळलेलं. ही आवळणी एका तत्त्वावर चालते : मागच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवायचं नाही, बदल तेवढा पाठवायचा. भिंतीसमोर बसून बातम्या देणाऱ्या माणसाला हे तत्त्व मानवतं. समुद्रात सगळाच बदल. मग लाटांचे चौकोनी ठोकळे होतात आणि पोफळीची बाग हिरव्या लगद्यासारखी दिसते. त्यात अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र आवळायला आणखी अवघड, कारण शेजारची ओळ वेगळ्या क्षणाची असते. कोकण दाखवणाऱ्या कार्यक्रमांत समुद्र असा चिखलासारखा दिसतो त्यात छायाचित्रकाराचा दोष फार थोडा असतो. रंगाचीही तीच कथा. घरी पोहोचणाऱ्या चित्रात रंगाचे नमुने उजेडाच्या नमुन्यांच्या एक चतुर्थांशच असतात. १९२० गुणिले १०८०च्या चित्रात रंग फक्त ९६० गुणिले ५४०चा. शिमग्याच्या पालखीवर उधळलेला गुलाल टीव्हीवर डागासारखा का दिसतो, त्याचं एक कारण हे आहे.

आता दुसरी बाजू. १०८०-आयच्या बाजूने बोलायला जागा आहे, आणि ती न देणं म्हणजे समीक्षा सोडून वकिली करणं. मालिका किंवा चित्रपट सेकंदाला २५ पूर्ण चित्रांनी टिपला असेल, तर एकाच चित्राच्या विषम आणि सम ओळी १०८०-आयच्या दोन अर्ध्यांत विनातक्रार बसतात. दोन्ही अर्धी एकाच क्षणाची. टीव्हीने ती नीट जुळवली की खरोखरच १०८० ओळींचं अखंड चित्र हाती येतं, आणि ते ७२०-पीपेक्षा सरस असतं. चेहरा, पैठणीची जर, डोळ्यांतलं पाणी यांना ओळी हव्यात, क्षण थोडे कमी चालतात. ज्या वाहिनीचा बहुतेक वेळ कौटुंबिक मालिकांत जातो तिने १०८०-आय निवडला तर त्यात तर्क आहे.

जगात हा वाद उघडपणे झाला. अमेरिकेत एबीसी, फॉक्स आणि खेळांच्या ईएसपीएनने ७२०-पी घेतला. सीबीएस आणि एनबीसीने १०८०-आय. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २००४ साली, घरोघरी सपाट पडदे येणार हे ओळखून, प्रक्षेपणासाठी ७२०-पीची शिफारस केली. जर्मनीच्या एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक प्रसारकांनी २०१० मध्ये एचडी सुरू करताना तोच साचा घेतला. ब्रिटनच्या बीबीसीने १०८०-आय घेतला. कोण बरोबर, कोण चूक हा मुद्दा नाही. आपण काय दाखवणार आहोत आणि त्यासाठी काय गमावायची तयारी आहे, हा प्रश्न तिथे चारचौघांत विचारला गेला, हा मुद्दा आहे. आपल्याकडे एचडी आलं ते पॅकेजच्या वाढीव दरासोबत आणि खोक्यावरच्या आकड्यासोबत. सामान्य मराठी प्रेक्षकासमोर हा प्रश्न आलाच नाही.

याचे परिणाम सर्वांत वाईट दिसतात ते जुन्या चित्रांच्या बाबतीत. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांची भूमिका, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला चित्रपट. त्या काळच्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौरस, साधारण १.३७ास १. सोळास नऊच्या पडद्यावर ती बसवायचे तीन मार्ग आहेत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडायचे, वरून-खालून कापायचं, किंवा ओढून रुंद करायचं. कापलं तर चित्राचा सुमारे २३ टक्के भाग जातो. वैकुंठगमनाच्या प्रसंगात वरचं आकाशच कापलं तर तुकोबा जाणार कुठे? ओढलं तर पागनीसांचा चेहरा सुमारे ३० टक्के रुंद होतो. उपासतापास करणारा संत एकदम धष्टपुष्ट. तरीही जुन्या चित्रपटांना, जुन्या दूरदर्शन कार्यक्रमांना अशी ओढाताण सोसावी लागते, कारण काळे पट्टे दिसले की 'पूर्ण पडदा भरत नाही' अशी तक्रार येते. पडदा भरण्याची ही हौस आम्हाला समजत नाही. लहान ताटात वाढलेलं जेवण मोठ्या ताटात पसरून वाढलं म्हणून घासभर जास्त होत नाही.

एक बाब कानाची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, आणि आपलं प्रक्षेपण २५ चं. नेहमीचा उपाय म्हणजे चित्रपट चार टक्के जलद चालवायचा. दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. वेळ वाचली म्हणून कुणी रडणार नाही, पण आवाज वेगळा दुरुस्त केला नाही तर गायकाची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी, पण कानाला कळेल इतकी वर चढते. जुनी गाणी टीव्हीवरून ऐकून पेटीवर बसवणाऱ्याला सूर का जुळत नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

मग आम्ही म्हणतो तरी काय? एवढंच की साचा विषयातून यावा, आकड्यातून नव्हे. याचा उत्तम दाखला इथल्याच माणसांनी दिला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या दिवसांचं खूपसं चित्रण लोकांनी हातातल्या मोबाइलवर, उभ्या चौकटीत केलं. असं उभं चित्र एचडी वाहिनीवर ठेवलं की १९२० पैकी जेमतेम ६०८ बिंदूंची रुंदी कामाला येते. उरलेल्या दोन तृतीयांश पडद्यावर त्याच चित्राची धूसर नक्कल पसरतात. जाणकार नाकं मुरडतात, उभं चित्रण हौशी म्हणून. आम्हाला तसं वाटत नाही. वाऱ्याने वाकणारा माड मुळापासून शेंड्यापर्यंत दाखवायचा तर चौकट उभीच हवी. ज्याने मोबाइल उभा धरला त्याने माड बघितला होता, पडदा बघितला नव्हता. तांत्रिक समित्यांनी वर्षानुवर्षं खल करून जे ठरवायचं असतं ते त्याने भर वादळात एका क्षणात ठरवलं, आणि बरोबर ठरवलं.

ओळींच्या हव्यासावर आणखी एक लगाम आहे, तो म्हणजे आपलं घर. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो. त्यावरून हिशेब निघतो की १०८० ओळींचा पुरता लाभ पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून होतो, ७२० चा पावणेपाच पटींच्या आसपास. ३२ इंची टीव्हीची उंची सुमारे ४० सेंटीमीटर. म्हणजे १०८० ओळी वेचायच्या तर सव्वा मीटरवर बसायला हवं. माजघरात टीव्ही भिंतीला आणि माणसं समोरच्या भिंतीला टेकून, अंतर अडीच मीटर. तिथून १०८० काय आणि ७२० काय, डोळ्याला फरक कळत नाही. क्षणांचा फरक मात्र तिथूनही कळतो, कारण गती ओळखायला जवळ बसावं लागत नाही.

व्याख्यानापूर्वी एका तरुण मित्राने विचारलं, ''सर, आता ४के आलंय. हा वाद जुना नाही का झाला?'' प्रश्न रास्त आहे. ४केमध्ये ३८४० गुणिले २१६० बिंदू, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. पण त्याहून बोलकी गोष्ट वेगळी. या अति-उच्च दर्जाच्या टीव्हीसाठी २०१२ साली जे आंतरराष्ट्रीय मानक आलं, बीटी.२०२०, त्यात अर्ध्या ओळींचा साचा मुळातच नाही. सगळी चित्रं पूर्ण, आणि सेकंदाला १२० पर्यंत. म्हणजे क्षण अर्धा ठेवू नये, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. पण प्रश्न संपला नाही. ४के पण सेकंदाला २५ चित्रं, आणि फुल एचडी पण ५० चित्रं, यांतलं काय निवडायचं, ते आता प्रत्येकाच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये येऊन बसलं आहे. पूर्वी प्रसारक निवडत होते. आता तुम्ही निवडता, आणि बहुधा मोठा आकडा दाबून मोकळे होता.

म्हणून इथे गावोगावी शिमगा, पालखी, जाखडी, कबड्डीचे सामने टिपणाऱ्या मुलांना आमचं सांगणं असं. नाच, खेळ, समुद्र, ढोलावर पडणारा हात टिपायचा असेल तर ओळी कमी करा पण सेकंदाला ५० पूर्ण चित्रं घ्या. आजीची मुलाखत घ्यायची असेल तर २५ चालतील, ओळी वाढवा, तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती येऊ द्या. मूळ फाइल जपा. पाठवायला आवळलेली नक्कल म्हणजे मूळ नव्हे. घरात लग्नाच्या, कीर्तनाच्या जुन्या फिती असतील तर त्या संगणकावर आणताना दुकानदाराला दोन गोष्टी बजावून सांगा. चौकट चारास तीन असेल तर तशीच ठेव, ओढू नकोस. आणि फितीतल्या ५० अर्ध्या चित्रांची २५ करून टाकू नकोस. तसं केलं तर निम्मे क्षण कायमचे जातात. तबलजीची बोटं, फुगडीचा गिरका, गेलेल्या माणसाची मान वळवण्याची लकब अशाच निम्म्या क्षणांत असते. ओळी पुढे-मागे यंत्र अंदाजाने वाढवेल. तुमच्या आजोबांनी मान कशी वळवली होती याचा अंदाज कुठलं यंत्र करणार?

फिती दमट हवेत फार टिकत नाहीत, आणि आपली हवा कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्याआधी कपाट उघडून बघा.